गळा मुका झाला तेव्हा

आपल्या धर्मग्रामात कोणी गंभीर आजारी असले, की आपण भेटायला जातो. औषधे डॉक्टर देतात. मग आपण काय द्यायचे, हे मात्र सुचत नाही. अशा वेळी आम्हांला पंडित कुमार गंधर्व यांच्या जीवनाची आठवण होते.

त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे त्यांचा जन्म झाला. लहान वयातच ते इतके सुंदर गात, की त्यांना ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. १९४७ साली भानुमतीताईंशी विवाह झाला आणि थोड्याच काळात क्षयरोगाने गाठले. तेव्हा वय अवघे तेवीस. त्या काळी क्षयाचे नाव ऐकताच घरात रडारड होई. डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले. ज्याचे सारे जीवनच गाणे, त्याला हे केवढे दुःख!

१९४८ च्या जानेवारीत हे दांपत्य कोरड्या हवेसाठी माळव्यातील देवास येथे राहायला गेले. पुढची काही वर्षे कुमारजी अंथरुणाला खिळून होते. भानुमतीताई शाळेत शिकवून संसार चालवीत आणि त्यांची शुश्रूषाही करीत.

गळा मुका झाला होता, पण कान उघडे होते. आसपासच्या बायकांची लग्नातली व ऋतूंची गाणी, फिरत्या जोगी-भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजने कानांवर पडत. पडल्या पडल्या ते ऐकत राहिले. त्या गाण्यांनी क्षय बरा केला असे कोणी समजू नये. तो बरा झाला स्ट्रेप्टोमायसिन या त्या वेळच्या नव्या औषधाने आणि पत्नीच्या सेवेने. परंतु त्या लांबलचक दिवसांत मन जिवंत ठेवले ते गाण्याने.

१९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस निकामी झाले होते. लांब दमाच्या ताना पूर्वीसारख्या जमेनात. तेव्हा त्यांनी लहान लहान स्वरवाक्यांची नवी गायकी घडवली, माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग बांधले. १९६१ साली भानुमतीताई बाळंतपणात वारल्या. तोही घाव सोसून ते गात राहिले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले.

शौल राजाचे मन अस्वस्थ झाले, की दावीद वीणा वाजवी आणि राजाला आराम पडे, हे आपण पवित्र शास्त्रात वाचतो. आज जगातील अनेक रुग्णालयांत प्रशिक्षित संगीतोपचारक हेच काम करतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरात घाटीत किंवा कॅन्सर रुग्णालयात मराठवाड्यातून किती कुटुंबे येतात! त्यांच्या माणसाला भेटायला जाताना आपण एवढे तरी करू शकतो: त्याला कोणते गाणे आवडते ते विचारावे, शेजारच्या रुग्णाला त्रास होणार नाही अशा हळू आवाजात म्हणावे किंवा लावावे, आणि तो थकला की थांबावे. त्याने सोबत गायलाच हवे, असा आग्रह नको. गाता येत नाही त्यालाही ऐकता येते. आणि औषध मात्र एक दिवसही चुकू देऊ नये.