बूनच्या गावात बंदूक शोधताना

आमच्या पेनसिल्व्हेनियात नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, हरणाच्या शिकारीचा एक खास हंगाम सुरू होतो. तो फ्लिंटलॉकचा, म्हणजे चकमकीच्या बंदुकीचा. १८०० सालापूर्वीची अस्सल बंदूक, नाहीतर तशीच नव्याने घडवलेली. नळीचं तोंड ०.४४ इंचापेक्षा लहान चालत नाही. कोकणात आजोळी रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक होती, पण तिला केप लावायची. इथली तिच्याही आधीची. घोड्यात धरलेला चकमकीचा दगड पोलादावर आपटतो, ठिणगी रंजकावर पडते आणि कानातून आत जाऊन दारू पेटवते. पावसात रंजक भिजली की हात चोळत बसायचं.

मी राहतो रीडिंगजवळ. शिकार करतो, आणि उन्हाळ्यात १७७० च्या सुमाराचा शिकारी बनून जुन्या काळाच्या मेळ्यांतही उभा राहतो. (मिशा आणि रंग बघून लोक गोंधळतात, मग गप्पा सुरू होतात.) आजवर मित्राची बंदूक उसनी नेत होतो. यंदा स्वतःची करायचं ठरवलं. दुकानातली तयार बंदूक चालत नाही, कारण मी डावखुरा आणि उंची पाच फूट चार इंच. उजव्या हाताची बंदूक डाव्या खांद्याला लावली की रंजकाचा भडका थेट डोळ्यांसमोर होतो. म्हणजे बनवूनच घ्यायला हवी, आणि खिशात अडीच हजार डॉलर. कारागिरांची चित्रं पाहिली तर मन जाई पिवळ्याधमक लाटांच्या मेपलकडे, पितळी नक्षीकडे, चांदीच्या चंद्रकोरीकडे. आकडा लगेच दुप्पट.

याच दिवसांत डॅनियल बूनचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. त्याचं जन्मठिकाण आमच्या घरापासून जवळच. आज तिथे जे दगडी घर दिसतं ते पुढे वाढवलेलं. तो जन्मला तेव्हा ओंडक्यांचं घर होतं.

बून १७३४ चा. ११ भावंडांत सहावा. वडील क्वेकर पंथाचे, विणकाम आणि लोहारकाम करणारे. उन्हाळ्यात आई गुरं घेऊन लांबच्या कुरणात राही आणि पोरगा राखण करी. हातात बंदूक नव्हती, मुळाच्या गाठीचा एक सोटा होता. त्याने तो पाखरं मारायचा. बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर वडिलांनी रायफल दिली. आमच्या या भागात तेव्हा जर्मन आणि स्विस कारागीर येऊन बसले होते. त्यांनी आपल्याकडची आखूड, जाड रायफल इथल्या रानासाठी लांब केली, नळीत पिळाच्या खाचा ठेवल्या, आणि तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी त्या खाचांत घट्ट बसू लागली. थोड्या दारूत, थोड्या शिशात लांबचा नेम. रानात महिनोन् महिने राहणाऱ्याला हाच हिशेब महत्त्वाचा.

१७५० मध्ये कुटुंब दक्षिणेला निघालं आणि नॉर्थ कॅरोलायनात यॅडकिन नदीकाठी स्थिरावलं. १७५६ मध्ये रिबेकाशी लग्न झालं, पुढे दहा मुलं. (आपल्याकडे पानिपत झालं तेव्हा हा गडी २६ वर्षांचा.) शेतीत त्याचं मन नव्हतं. पानगळीत हरणांची कातडी, थंडीत बीव्हरची. व्यापारी दारू आणि शिसं उधार देई, वसंतात कातडी घेऊन उधारी वळती करून घेई. बाकी बहुतेक वेळा बूनच्याच अंगावर राही. डॉलरला इथे ‘बक’ म्हणतात, ते हरणाच्या कातड्यावरून आलं असं मानतात. खरं असेल तर बूनएवढा बकांसाठी झिजलेला माणूस विरळा.

१७६९ च्या उन्हाळ्यात तो कंबरलँड खिंडीतून केंटकीत उतरला. सहा महिने राबून कातडी जमवली. डिसेंबरात शॉनी लोकांनी पकडलं. कातडी, घोडे, बंदुका सगळं काढून घेतलं आणि पुन्हा येऊ नका म्हणून बजावून सोडलं. त्यांच्या बाजूने पाहिलं तर चूक काय? शिकारीचं रान त्यांचं होतं. बून काही घरी गेला नाही. भाऊ स्क्वायर दारूगोळा घेऊन आला. हा भाऊ बंदुका घडवणारा कारागीर, घरचाच माणूस. तो पुन्हा सामान आणायला गेला तेव्हा बून कित्येक महिने घोडा नाही, कुत्रा नाही, असा एकटा रानात राहिला. १७७१ मध्ये परतताना खिंडीजवळ पुन्हा लुटला गेला. दोन वर्षांची कमाई जवळजवळ शून्य.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं. दोनदा बंदूक गेली आणि दोनदा नवी घ्यावी लागली. असा माणूस चांदीच्या चंद्रकोरीवर पैसे घालेल का?

पुढचा भाग पुष्कळांना माहीत असतो. १७७५ मध्ये त्याने खिंडीतून वाट पाडली आणि बून्सबरो वसवलं. त्याआधीच थोरला जेम्स मारला गेला होता. १७७६ मध्ये मुलगी जमायमाला पळवून नेलं, ती सुटली. १७७८ च्या फेब्रुवारीत मीठ करणाऱ्या सोबत्यांसह तो स्वतः शॉनींच्या हाती सापडला. त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश, त्याने बूनला मुलगा मानलं. तिथे तो त्यांच्या बंदुका दुरुस्त करी. जूनमध्ये वस्तीवर हल्ला होणार हे कळलं आणि तो पळाला. सुमारे १६० मैल चार दिवसांत. जाताना सोबत एक नळी आणि लॉक होतं, वाटेत कोवळ्या झाडाचा दस्ता करून ते बांधलं आणि त्यावर शिकार मारली, असं सांगतात. बंदूक मुळात एवढीच: नळी आणि लॉक. बाकी लाकूड.

वस्ती वाचली, पण फितुरीच्या आरोपावरून लष्करी खटला झाला. निर्दोष सुटला. १७८२ च्या लढाईत दुसरा मुलगा इस्रायल डोळ्यांदेखत गेला. तो काही निव्वळ भोळा रानमाणूस नव्हता; जमिनींचा धंदा केला, गुलाम बाळगले. धंदा मात्र जमला नाही. मोजणीतल्या चुका आणि दावे यांत हजारो एकर गेले. लोकांनी जमिनीसाठी सोपवलेले पैसे एकदा वाटेत चोरीला गेले, ते फेडत बसला. १७९८ मध्ये केंटकीत त्याच्या नावाने अटकेचं वॉरंट निघालं, आणि त्याच वर्षी एका जिल्ह्याला त्याचं नाव दिलं गेलं! १७९९ मध्ये तो मिसुरीला गेला. तिथली जमीनही गेली, १८१४ मध्ये ८५० एकर परत मिळाले, ते देणेकऱ्यांना वाटण्यात संपले. १८२० च्या सप्टेंबरात मुलाच्या घरी वारला, तेव्हा ८६ ला थोडेच दिवस कमी होते. आणि हो, ती रॅकूनच्या शेपटीची टोपी त्याने वापरली नाही. तो साधी फेल्टची हॅट घाली.

मग मी कारागिराकडे गेलो आणि नक्षीचं चित्र दाखवलंच नाही. तशी झगझगीत बंदूक बूनच्या उमेदीच्या काळाची नव्हेच. ती फॅशन १७९० नंतरची. १७७० साठी रुंद दस्ता, जाड मनगट, चिंध्या ठेवायला सरकत्या लाकडी झाकणाचा कप्पा. मी कप्पाही सोडला, चरबीसाठी नुसतं भोक. लाटा नसलेलं मेपल, लोखंडी जोड, ०.५० ची नळी. पैसे घातले ते नळीत आणि डाव्या हाताच्या लॉकमध्ये. लॉक स्वस्तातलं घेतलं की ठिणगी तीनदा पडते, चौथ्यांदा नाही, आणि हरीण चौथ्यांदाच समोर येतं. दस्ता माझ्या हाताच्या मापाने आखूड करायचा, हे दोनदा लिहून घ्यायला लावलं.

हिशेब अडीच हजारांच्या आत बसला. बंदूक नोव्हेंबरात मिळेल. चकमकीचे दगड मात्र आत्ताच डझनभर आणून ठेवलेत.