पायवाटांची राखणदार

ज्या घराचे दिवाळे निघते, त्या घरातली मुले पुढे पै-पैचा हिशेब चोख ठेवतात, हे मी बँकेच्या नोकरीत पुष्कळदा पाहिले. ऑक्टेव्हिया हिल त्यांतलीच. १८३८ साली इंग्लंडमधल्या विस्बेच गावी धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी ती जन्मली. दोन वर्षांची होते न होते तोच वडील बुडाले आणि मनानेही खचले. आईने आजोबांच्या, डॉ. साउथवूड स्मिथ यांच्या, आधाराने मुली वाढवल्या. मोकळ्या माळावर बागडलेली ही पोर चौदाव्या वर्षी लंडनच्या दाटीत, खेळणी बनवणाऱ्या गरीब मुलींवर देखरेख करू लागली.

पुढे १८६५ मध्ये जॉन रस्किन यांच्या पैशांतून ऑक्टेव्हियाबाईंनी मेरिलबोनमधली मोडकळीला आलेली घरे चालवायला घेतली. दर आठवड्याला भाडे वसूल करायला त्या स्वतः जात. गुंतवणुकीवर पाच टक्के सुटलेच पाहिजेत, उरेल ते दुरुस्तीला. (माझ्यासारख्याला बाई इथेच आवडून जातात!) पण त्या खोल्यांतून फिरताना त्यांना दिसले, की छप्पर नीट झाले तरी या माणसांना संध्याकाळी टेकायला चार हात गवत नाही.

१८७५ साली लंडनमधली स्विस कॉटेजची कुरणे बांधकामाखाली जाणार असे दिसताच त्यांनी वर्गणी सुरू केली. बरीचशी जमलीही; पण ऐनवेळी मालक फिरला आणि कुरणांवर घरे उठली. हा घाव त्यांना लागला. प्रश्न नुसता पैशाचा नव्हता. सर्वांची जमीन घ्यायची ती कोणाच्या नावावर? रॉबर्ट हंटर या वकिलांनी त्यासाठी जमीन धारण करणारी संस्था सुचवली, कॅनन रॉन्सली येऊन मिळाले आणि १८९५ साली नॅशनल ट्रस्ट जन्मला. पहिली मिळकत वेल्समधली, बारमथच्या डोंगरउतारावरची जेमतेम साडेचार एकर. तीही एका बाईंनी, फॅनी टॅल्बट यांनी, दान दिलेली. १९०७ च्या कायद्याने ट्रस्टला आपली जमीन 'कधीच विकता येणार नाही' असे ठरवण्याचा अधिकार मिळाला. आपल्याकडच्या गायरानांचे आणि पाणंदींचे काय झाले हे ज्याने पाहिले, त्याला या एका कलमाची किंमत सांगायला नको.

पायवाटांबाबतही बाई तितक्याच हट्टी. वहिवाट मोडली की हक्क सिद्ध करायला साक्षीदार उरत नाही, हे जाणून केंट आणि सरे परगण्यांतल्या वाटांसाठी त्या झटल्या.

१३ ऑगस्ट १९१२ रोजी त्या गेल्या. शेवटच्या आजारातही मॅरिनर्स हिल या टेकडीचा व्यवहार त्यांच्या डोक्यात होता. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाचा मान नाकारून त्यांना केंटमधल्या क्रॉकहॅम हिल या लहानशा गावी, बहीण मिरांडाजवळ, ठेवले. मॅरिनर्स हिल तिथून जवळच. ती ट्रस्टच्याच मालकीची आहे.