खोगीर, मोटार आणि पाइप : आल्फ्रेड डनहिल

लंडनच्या यूस्टन रोडवर डनहिल घराण्याचा खोगीर-लगामांचा व्यवसाय होता. १८७२ साली जन्मलेल्या आल्फ्रेड यांनी २१ व्या वर्षी तो वडिलांकडून हाती घेतला, तेव्हा रस्त्यावर घोड्याचेच राज्य होते. पण मोटारीची चाहूल लागली होती. घोड्यासाठी हळहळत न बसता ते मोटारचालकांसाठी चामडी कोट, चष्मे, भोंगे, दिवे विकू लागले.

त्या काळच्या मोटारी उघड्या. वाऱ्यापुढे पाइप धड पेटत नसे. १९०४ मध्ये डनहिल यांनी पुढच्या बाजूला आडोसा असलेला पाइप काढला. तो दिसायला काही देखणा नव्हता. मात्र त्यातूनच त्यांना आयुष्याचा खरा व्यवसाय सापडला. १९०७ मध्ये ड्यूक स्ट्रीटवर त्यांनी तंबाखूचे दुकान थाटले. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे तंबाखूचे मिश्रण करून द्यायचे आणि त्याचे प्रमाण वहीत नोंदून ठेवायचे, अशी तिथली रीत होती.

आधीच्या पिढ्या मातीचे पाइप ओढत. ते स्वस्त, आणि हातातून पडले की फुटत. एकोणिसाव्या शतकात भूमध्य समुद्राकाठच्या ब्रायर झुडपाच्या मुळाच्या गाठीपासून टिकाऊ पाइप होऊ लागले. बाजारातील ब्रायरचा दर्जा मनास येईना, म्हणून डनहिल यांनी १९१० मध्ये स्वतःचाच कारखाना काढला. पाइपची वरची बाजू ओळखता यावी म्हणून नळीवर बसवलेला पांढरा ठिपका पुढे प्रतिष्ठेची खूण ठरला. फुटला की फेकून द्यायची वस्तू आता मुलाला वारशात देण्याजोगी झाली. हे परिवर्तन एकट्या डनहिल यांचे नव्हे, पण त्याची किंमत त्यांनी नेमकी ओळखली.

पहिल्या महायुद्धात आघाडीवरील अधिकाऱ्यांना त्यांचे पाइप व तंबाखू टपालाने जात. त्याच खंदकांत सैनिकांच्या हाती सिगारेट रुळली. पाइप भरायला, दाबायला, साफ करायला सवड लागते. नव्या पिढीपाशी ती नव्हती. १९२४ मध्ये डनहिल यांनी जगभरच्या पाइपांचा इतिहास ग्रंथरूपाने लिहिला. एरवी माणूस आपल्याच मालाचा इतिहास लिहायला बसत नाही.

१९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात ड्यूक स्ट्रीटचे दुकान उद्ध्वस्त झाले. तोवर व्यवसाय सांभाळणाऱ्या मुलाने ढिगाऱ्यासमोर मेज मांडून विक्री चालू ठेवली. १९५० मध्ये लंडनमधील डॉल आणि हिल या संशोधकांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. मग कोणत्याही डौलदार पाइपला पूर्वीचे निरागसपण उरले नाही. १९५९ च्या जानेवारीत डनहिल निवर्तले.

आज त्यांच्या जुन्या पाइपांवरील बारीक आकडे भिंगातून वाचून संग्राहक त्यांचे वय ठरवतात. काही जण तो पेटवतही नाहीत.