चार्ल्स आल्कॉक

हरला तो संघ बाद, ही रीत आज लहान मुलांसही ठाऊक असते. इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉलमध्ये ती आणली चार्ल्स आल्कॉक यांनी.

त्यांचा जन्म १८४२ साली सँडरलंड येथे झाला. हॅरो येथील विद्यालयात ते शिकले. तेथे वसतिगृहांचे संघ आपसांत सामने खेळत. हरलेला संघ बाद होई. ही पद्धत आल्कॉक विसरले नाहीत. १८७० साली ते इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले आणि १८७१ च्या जुलैमध्ये त्यांनी सर्व संघांसाठी एका चषकाची स्पर्धा सुचविली. पहिल्या वर्षी १५ संघांनी नावे दिली. खेळाडू सारे हौशी होते.

उपान्त्य सामन्यात ग्लासगोचा क्वीन्स पार्क संघ आल्कॉक यांच्या वाँडरर्स संघाशी बरोबरीत राहिला. परंतु पुन्हा लंडनला येण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते; म्हणून न हरताच त्याने माघार घेतली. १६ मार्च १८७२ रोजी वाँडरर्सने चषक जिंकला.

पुढील वर्षी विजेत्या वाँडरर्सला एकदम अंतिम सामन्यात स्थान मिळाले. इतर बहुतेकांना मात्र फेरीमागून फेरी खेळावी लागली. हा नियम आल्कॉक यांच्याच संघाच्या सोयीचा होता. तरीही ते चिटणीस असतानाच, एका वर्षात तो रद्द झाला. पुढे पैसे घेऊन खेळणारे संघ बलवान झाले, तेव्हा १८९३ साली हौशी संघांसाठी निराळा चषक सुरू झाला.

१९०७ साली आल्कॉक निवर्तले. विजेत्यानेही फेऱ्या खेळूनच अंतिम सामना गाठावा, हा नियम मात्र त्यांच्या स्पर्धेत रुजला.