बाबासाहेबांचे पथ्य

रमजान आला की घरातल्या खाण्यापिण्याला घड्याळ लागते. सहरी किती वाजता, इफ्तारला काय, याचा हिशेब रोज होतो. मधुमेह असलेल्या माणसाला मात्र हा हिशेब बाराही महिने सांभाळावा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तो देशाची राज्यघटना लिहिताना सांभाळावा लागला. त्यांच्या आयुष्याची ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीची नेमणूक झाली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. कायदामंत्रिपदाचे काम होतेच. याच काळात मधुमेहाने त्यांना घेरले होते. पायांत असह्य कळा येत, रात्र रात्र झोप लागत नसे. रक्तातली साखर बराच काळ वाढलेली राहिली की ती नसांना इजा करते. पायांची आग, मुंग्या, ठणका ही त्याचीच लक्षणे. बाबासाहेब इन्सुलिन घेत होते, तरी दुखणे हटत नव्हते.

लोकमान्य टिळकांनाही मधुमेह होता, पण त्यांच्या काळी इन्सुलिनच नव्हते. १९०८ ते १९१४ या मंडालेच्या तुरुंगवासात त्यांचा आधार होता तो जेवणातल्या कडक पथ्याचा. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले आणि माणसाला इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली ती जानेवारी १९२२ मध्ये, कॅनडातल्या टोरांटो शहरात. बाबासाहेबांच्या पिढीला औषध मिळाले, पण त्यामुळे पथ्य सुटले नाही, उलट दोन्हींची सांगड घालावी लागली. सुई घेऊन वेळेवर जेवले नाही तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपू शकते. सुई घेतली म्हणून वाटेल ते खाल्ले तर साखर पुन्हा चढते. त्या काळी घरी रक्त तपासायचे यंत्र नव्हते. लघवीत निळे रसायन घालून उकळायचे, ते हिरवे, पिवळे की विटकरी होते यावरून साखरेचा अंदाज घ्यायचा. काचेची सिरिंज उकळून पुन्हा पुन्हा वापरायची. हे सारे एकट्याने करणे सोपे नव्हते.

बाबासाहेब एकटेच होते. रमाबाई १९३५ मध्येच गेल्या होत्या. उपचारासाठी ते मुंबईला डॉ. माधवराव मालवणकरांकडे येत. मुंबईतच त्यांची ओळख डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाली. घरात पथ्याचे जेवण पाहणारे, वेळेवर इन्सुलिन देणारे कोणी हवे, असा डॉक्टरांचा सल्ला होता. परिचारिका ठेवली तर लोक नाही नाही ते बोलतील, त्यापेक्षा लग्न करणे बरे, असे बाबासाहेबांनी जवळच्या सहकाऱ्यांना पत्रांतून कळवले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह झाला आणि शारदा कबीर सविता आंबेडकर झाल्या. पुढे लोक त्यांना माईसाहेब म्हणू लागले. जेवण, इन्सुलिन आणि विश्रांती या तिन्हींवर आता एका डॉक्टरची नजर होती.

त्यानंतर सात महिन्यांच्या आत, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. वर्षभर एकेका कलमावर उत्तरे दिली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद. निजामी राजवट जाऊन दोन वर्षेही झाली नव्हती. मराठवाड्यातल्या गरिबांच्या मुलांना त्यामुळे उच्च शिक्षण जवळ आले.

आजार मात्र थांबला नाही. १९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते, दृष्टीही अधू झाली. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला दिल्लीत झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते ६५. मधुमेह बरा झाला नव्हता. पण औषध, पथ्य आणि घरच्या माणसाची साथ यांच्या बळावर आयुष्यातली सर्वांत मोठी कामे त्यांनी याच आजारपणाच्या वर्षांत उरकली.

आज बीडसारख्या गावात दोन गोष्टी सर्रास ऐकू येतात. गोळी चालू आहे, मग शीरखुर्म्याला काय होते? आणि दुसरी, गोड सोडले आहे, मग गोळी कशाला? दोन्ही समजुती घातक आहेत. गोळी ताटाचे काम करत नाही आणि ताट गोळीचे. साखर सोडली तरी भात, मैद्याचा पाव, तळलेली भजी आणि ग्लासभर सरबत रक्तात साखरच वाढवतात. इफ्तारला एखाददुसरा खजूर, पाणी, मग भाकरी, डाळ, भाजी असे बेताचे ताट बरे. सहरी टाळू नये, शक्य तितकी उशिरा करावी.

आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. बरा होण्याची आशाच नसेल त्याच्यासाठी फिदिया, म्हणजे गरिबाला जेवू घालण्याची वाट आहे. इन्सुलिन घेणाऱ्याने रोजे धरण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण मात्रा आणि वेळा बदलाव्या लागतात, कधी रोजा धरूच नये असेही सांगितले जाते. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर फार खाली गेली तर लगेच रोजा सोडावा, जीव वाचवणे आधी.

आणि ही जबाबदारी एकट्या आजाऱ्याची नाही. दस्तरखानावर बसलेल्या प्रत्येकाने आग्रहाचा एक चमचा कमी वाढला, तरी घरातल्या मधुमेह्याचे पथ्य निम्मे सोपे होते.