व्वादिस्वाफ सिकोर्स्की

व्वादिस्वाफ सिकोर्स्की (२० मे १८८१ – ४ जुलै १९४३) हे पोलंडचे सेनानी व राजकारणी होते. १९२२-२३ मध्ये ते स्वतंत्र पोलंडचे पंतप्रधान होते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या परागंदा सरकारचे पंतप्रधान व पोलिश सैन्याचे सरसेनापती ही दोन्ही पदे त्यांच्याकडे होती. जिब्राल्टर येथे उड्डाणानंतर काही सेकंदांतच त्यांचे विमान समुद्रात कोसळले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. युद्धकाळातील युरोपात झालेल्या विमान अपघातांपैकी हा बराच चर्चिला गेलेला अपघात आहे. त्यांनी १९४१ साली सोव्हिएत संघाशी केलेल्या करारामुळे सुटका झालेल्या पोलिश नागरिकांपैकी सुमारे पाच हजार जणांना पुढे कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आश्रय मिळाला. त्यामुळे महाराष्ट्राच्या इतिहासाशीही त्यांचे नाव जोडले गेले आहे.

पूर्वायुष्य व शिक्षण

सिकोर्स्की यांचा जन्म तुशूफ नारोदोव्ही या गावी झाला. त्या काळी पोलंड हे राष्ट्र नकाशावर अस्तित्वात नव्हते. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी त्याचे तुकडे वाटून घेतले होते, आणि सिकोर्स्की यांचे गाव ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशिया प्रांतात होते. वडील लहानपणीच वारल्याने त्यांचे बालपण हलाखीत गेले. ल्वूफ (सध्याचे युक्रेनमधील लिव्हिव) येथील तंत्रनिकेतनातून त्यांनी जलअभियांत्रिकीची पदवी घेतली. विद्यार्थिदशेतच ते स्वातंत्र्याच्या चळवळीकडे ओढले गेले. १९०८ साली युझेफ पिल्सुद्स्की यांच्या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी ल्वूफमध्ये एका गुप्त लष्करी संघटनेच्या स्थापनेत भाग घेतला. पुढे या दोघांमध्ये तीव्र मतभेद निर्माण झाले आणि त्यांचा परिणाम सिकोर्स्की यांच्या साऱ्या कारकिर्दीवर झाला. १९०९ साली हेलेना झुब्चेव्स्का यांच्याशी त्यांचा विवाह झाला. झोफिया ही त्यांची एकुलती एक कन्या होय.

स्वतंत्र पोलंडमधील कारकीर्द

पहिल्या महायुद्धात पोलिश सैन्यदलांच्या उभारणीत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. १९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला. १९२० च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा वॉर्साच्या वेशीपर्यंत आल्या असता शहराच्या उत्तरेस पाचव्या सेनेचे नेतृत्व सिकोर्स्की यांच्याकडे होते. व्क्रा नदीच्या काठी या सेनेने केलेला प्रतिकार पोलंडच्या विजयाला साहाय्यभूत ठरला.

१६ डिसेंबर १९२२ रोजी राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल नारुतोविच यांची हत्या झाली. देश यादवीच्या उंबरठ्यावर असताना त्याच दिवशी सिकोर्स्की यांच्याकडे पंतप्रधानपद सोपवण्यात आले. मे १९२३ पर्यंत ते या पदावर होते. त्यानंतर १९२४-२५ मध्ये ते युद्धमंत्री होते.

१९२६ साली पिल्सुद्स्की यांनी लष्करी उठाव करून सत्ता हाती घेतली. १९२८ साली सिकोर्स्की यांना सेनापतिपदावरून दूर करण्यात आले व पुढील अकरा वर्षे त्यांना कोणतीही जबाबदारी मिळाली नाही. या काळातील बरीच वर्षे त्यांनी फ्रान्समध्ये काढली. १९३४ साली भावी युद्धाविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रणगाडे, विमाने व वेगवान हालचाली यांवर पुढील युद्ध लढले जाईल, असे त्यांनी त्यात मांडले होते. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीने अशाच पद्धतीने पोलंडवर आक्रमण केले. त्या वेळी सिकोर्स्की यांनी सेवेची तयारी दर्शवूनही त्यांना आघाडीवर पद देण्यात आले नाही.

परागंदा सरकारचे नेतृत्व

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरले आणि देश दोन्ही बाजूंनी व्यापला गेला. सिकोर्स्की रुमानियामार्गे पॅरिसला पोहोचले. ३० सप्टेंबर रोजी ते परागंदा सरकारचे पंतप्रधान व नोव्हेंबरमध्ये सरसेनापती झाले. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडल्यावर सरकार लंडनला हलवण्यात आले व सैन्याचा काही भागही ब्रिटनमध्ये आणण्यात आला. ब्रिटनच्या हवाई लढाईत १४५ पोलिश वैमानिकांनी भाग घेतला. त्यांतील ३०३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची कामगिरी विशेष गाजली.

सोव्हिएत संघाशी करार

१९४० व १९४१ या दोन वर्षांत सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सायबेरिया, कझाकस्तान व उत्तर रशियातील श्रमछावण्यांत व वसाहतींत हद्दपार केले होते. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यामुळे परिस्थिती पालटली. ३० जुलै १९४१ रोजी सिकोर्स्की व सोव्हिएत राजदूत इव्हान मायस्की यांनी लंडन येथे करारावर सह्या केल्या. त्यानुसार दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जोडले गेले, सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभारण्यास मान्यता मिळाली आणि कैदेतील व हद्दपार पोलिश नागरिकांची मुक्तता जाहीर झाली.

या करारात पोलंडच्या पूर्व सीमेची हमी नव्हती. त्यामुळे सिकोर्स्की यांना स्वपक्षीयांचाही रोष पत्करावा लागला. तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले. कोणताही गुन्हा न करता जी माणसे शिक्षा भोगत होती, त्यांच्यासाठी माफी हा शब्द वापरल्याचाही अनेकांना राग आला. सीमेचा प्रश्न पुढे पोलंडच्या विरोधात सुटला, त्यामुळे टीकाकारांची भीती निराधार नव्हती. मात्र मुक्त झालेल्यांपैकी अनेकांचे प्राण या कराराने वाचले, हेही तितकेच खरे आहे.

भारतातील पोलिश निर्वासित

जनरल व्वादिस्वाफ आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत संघात उभारलेले पोलिश सैन्य १९४२ साली दोन टप्प्यांत इराणमध्ये हलवण्यात आले. सैनिकांसोबत स्त्रिया, मुले व वृद्धही बाहेर पडले. सैनिक व नागरिक मिळून ही संख्या एक लाखाहून अधिक होती. नागरिकांची सोय पूर्व आफ्रिका, भारत व अन्य देशांत करण्यात आली.

भारतात नवानगरचे महाराजा दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळील बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे १९४३ साली मोठी छावणी उभी राहिली. तेथे मुख्यत्वे स्त्रिया व मुले राहत. छावणीत बराकींच्या रांगा, शाळा, चर्च व दवाखाना होता. १९४८ पर्यंत हे लोक तेथे राहिले. त्यांपैकी अनेकांची मूळ गावे युद्धानंतर सोव्हिएत संघात गेल्याने ते पोलंडला न परतता ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आदी देशांत गेले. छावणीच्या जागी फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित वसले. तोच आजचा गांधीनगरचा परिसर होय. कोल्हापुरातील महावीर उद्यानात या पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे.

कातिन प्रकरण व शेवटचा दौरा

१३ एप्रिल १९४३ रोजी जर्मनीने कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक दफनस्थळे सापडल्याचे जाहीर केले. सिकोर्स्की यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे तटस्थ चौकशीची मागणी केली. याचे निमित्त करून सोव्हिएत संघाने त्याच महिन्यात पोलंडशी संबंध तोडले. ही हत्याकांडे आपल्याच राजवटीने १९४० साली केली, याची कबुली सोव्हिएत संघाने १९९० साली दिली.

मे १९४३ च्या अखेरीस सिकोर्स्की मध्यपूर्वेतील पोलिश सैन्याच्या पाहणीसाठी निघाले. परतीच्या प्रवासात ३ जुलै रोजी ते कैरोहून जिब्राल्टरला आले.

जिब्राल्टरचा अपघात

४ जुलै १९४३ रोजी रात्री अकराच्या सुमारास सिकोर्स्की यांचे विमान लंडनकडे जाण्यासाठी निघाले. ब्रिटिश हवाई दलाच्या ५११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे हे चार इंजिनांचे लिबरेटर जातीचे विमान होते. वैमानिक एदुआर्द प्रखाल हे चेक होते. विमानाने नेहमीप्रमाणे धावपट्टी सोडली, थोडी उंची घेतली आणि मग ते वर न चढता हळूहळू खाली येऊ लागले. उड्डाणानंतर अवघ्या १६ सेकंदांत ते समुद्रावर आदळले.

विमानातील १७ जणांपैकी केवळ प्रखाल वाचले. मृतांमध्ये सिकोर्स्की, वडिलांच्या कामात साहाय्य करणारी त्यांची कन्या झोफिया लेश्नियोव्स्का, सेनाप्रमुख तादेउश क्लिमेत्स्की व ब्रिटिश खासदार व्हिक्टर कॅझलेट यांचा समावेश होता. झोफिया यांचा मृतदेह सापडलाच नाही.

चौकशी

ब्रिटिश हवाई दलाचे चौकशी मंडळ ७ जुलै रोजी बसले. एलेव्हेटर म्हणजे विमानाच्या शेपटीकडील आडवी, हलती फळी. वैमानिक पुढचा दांडा ओढतो किंवा ढकलतो तेव्हा ती हलते आणि विमानाचे नाक वर वा खाली होते. वेग घेण्यासाठी दांडा पुढे ढकलल्यावर तो पुन्हा मागे ओढता आला नाही, असे प्रखाल यांनी सांगितले. एलेव्हेटरची यंत्रणा अडकल्याने अपघात झाला, असा निष्कर्ष मंडळाने काढला. ती कशामुळे अडकली हे मात्र मंडळाला ठरवता आले नाही. घातपाताची शक्यता मंडळाने नाकारली.

कारण अनुत्तरित राहिल्याने संशयाला वाव मिळाला. कातिन प्रकरणामुळे सिकोर्स्की मित्रराष्ट्रांच्या आपापसांतील संबंधांत अडचणीचे ठरले होते. राजदूत मायस्की यांचे विमानही त्याच दिवशी जिब्राल्टरच्या तळावर होते. शिवाय १९४२ च्या अखेरीस मॉन्ट्रियल येथेही सिकोर्स्की यांचे विमान उड्डाणानंतर लगेच खाली आले होते. या गोष्टींवरून जर्मनी, सोव्हिएत संघ, ब्रिटन व खुद्द पोलिश विरोधक यांपैकी प्रत्येकावर कोणी ना कोणी आरोप केला. जर्मन नाटककार रोल्फ होखहूट यांनी १९६७ सालच्या नाटकात चर्चिल यांच्याकडे बोट दाखवले. प्रखाल यांनी याविरुद्ध लंडनच्या न्यायालयात बदनामीचा दावा लावला व तो जिंकला.

त्याच काळात इतरही नामवंत व्यक्ती विमान अपघातांत दगावल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये ब्रिटिश राजाचे बंधू ड्यूक ऑफ केंट स्कॉटलंडमध्ये विमान डोंगरावर आदळून मृत्यू पावले. रात्रीची उड्डाणे, जादा भार व घाईची देखभाल यांमुळे युद्धातील उड्डाणे धोक्याचीच असत. त्यामुळे निव्वळ अपघाताची शक्यता अनेक इतिहासकार अधिक मानतात.

२५ नोव्हेंबर २००८ रोजी सिकोर्स्की यांचे अवशेष काढून तपासण्यात आले. विमान अपघातात होतात तशा जखमांनीच मृत्यू झाला, त्यांना आधी मारण्यात आले नव्हते, असे या तपासणीत दिसून आले. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेने २०१३ साली तपास थांबवला. घातपात सिद्ध करणारा पुरावा मिळाला नाही आणि तो पूर्णपणे नाकारता येईल असाही मिळाला नाही, असे संस्थेने नमूद केले.

अंत्यसंस्कार व स्मृती

सिकोर्स्की यांचे पार्थिव पोलिश युद्धनौकेने ब्रिटनला नेण्यात आले. न्यूअर्क येथील दफनभूमीत पोलिश वैमानिकांच्या कबरींशेजारी १६ जुलै १९४३ रोजी त्यांचे दफन झाले. त्यांच्यानंतर स्तानिस्वाफ मिकोवायचिक पंतप्रधान झाले, परंतु मित्रराष्ट्रांत सिकोर्स्की यांच्याइतके वजन दुसऱ्या कोणत्याही पोलिश नेत्याला लाभले नाही. पोलंडमधील साम्यवादी राजवट संपल्यावर १७ सप्टेंबर १९९३ रोजी क्राकूफ येथील वावेल कॅथीड्रलमध्ये, पोलंडच्या राजांच्या समाधींजवळ, त्यांचे पुनर्दफन करण्यात आले. १९३९ साली सोव्हिएत सैन्य पोलंडमध्ये शिरले तो दिवसही १७ सप्टेंबर हाच होता.