मुंबईत बनलेल्या 'सुहैली'ने एकटीने जगाला फेरी मारली, पण तिच्या डिझाईनचं मूळ आहे नॉर्वेतल्या या माणसाकडे

१४ जून १९६८. इंग्लंडच्या फालमाउथ बंदरातून ३२ फुटांची एक शिडाची बोट निघाली. बोटीवर माणूस एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला तो त्याच बंदरात परत आला. मध्ये कुठेही थांबला नाही. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, शेवटपर्यंत पोहोचला तो एकटाच.

त्याची बोट 'सुहैली' आपल्या मुंबईत बांधलेली, सागाच्या लाकडाची. पण तिच्या आकाराचं मूळ शोधत गेलं की गाडी थेट नॉर्वेत पोहोचते. तिथे भेटतात कॉलिन आर्चर.

आर्चर यांचा जन्म २२ जुलै १८३२ चा, नॉर्वेतल्या लार्विक गावचा. आईवडील मूळचे स्कॉटलंडचे, लाकडाच्या व्यापारासाठी नॉर्वेत स्थायिक झालेले. घरात तेरा भावंडं. त्यातले बरेच भाऊ ऑस्ट्रेलियात गेले आणि क्वीन्सलँडमध्ये मेंढ्यांची कुरणं चालवू लागले. कॉलिनही तिकडे गेले. १८५५ मध्ये 'एलिडा' नावाची शिडाची बोट फिट्झरॉय नदीतून वर नेत त्यांनी भावांच्या वस्तीपर्यंत सामान पोहोचवलं.

१८६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लार्विकला परतले आणि बोटी बांधायला लागले. जहाजबांधणीची कुठलीही पदवी त्यांच्याकडे नव्हती. जे होतं ते वाचन, गणित आणि स्वतः समुद्रावर घालवलेले दिवस.

आता त्या काळी नॉर्वेच्या किनाऱ्यावर प्रॉब्लेम काय होता?

मोठी जहाजं बंदरात आणायला वाट दाखवणारे पायलट लागतात. हे पायलट छोट्या बोटी घेऊन भर वादळात खुल्या समुद्रात जायचे. कारण जो जहाजापर्यंत आधी पोहोचेल, काम त्याला. पण बोटी उघड्या असायच्या. बोट स्थिर राहावी म्हणून तळाशी वजन ठेवलेलं असायचं. लाट आत आली की बोट भरायची, बोट कलली की वजनही एका बाजूला सरकायचं आणि मग माणसं बुडायची. मच्छीमारांची अवस्थाही वेगळी नव्हती.

आर्चर यांनी बोटीची जुनी नॉर्वेजियन घडण मोडीत काढली नाही. दोन्ही टोकांना निमुळता आकार त्यांनी तसाच ठेवला, बदल केले ते बाकीच्या गोष्टींत.

पहिला बदल म्हणजे बोट वरून डेकने बंद केली. लाट आली तरी पाणी वरूनच वाहून जाणार.

दुसरा बदल वजनाचा. आत सुटं ठेवलेलं वजन काढून त्यांनी ते लोखंडाच्या रूपात बोटीच्या तळाच्या कण्यात, म्हणजे कीलमध्ये बसवलं. वजन जितकं खाली, तितकी कललेली बोट सरळ होण्याची शक्यता जास्त. शिवाय हे वजन जागचं हलत नाही. पायलट लोकांना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. मग बोटी वादळातून परत यायला लागल्या आणि मागणी वाढली.

तिसरी गोष्ट मागच्या टोकाची. मागून येणारी मोठी लाट सपाट बाजूवर आदळली की बोटीला ढकलते, फिरवते. निमुळत्या टोकावर तीच लाट दुभंगते. सोबत रुंद पोट आणि लांबलचक कील, त्यामुळे बोट आपली दिशा धरून ठेवते.

१८९१ मध्ये नॉर्वेत समुद्रातल्या बचावकार्यासाठी संस्था स्थापन झाली. तिची पहिली बोट १८९३ मध्ये आर्चर यांच्या यार्डात तयार झाली आणि तिला नावही 'कॉलिन आर्चर'च मिळालं. लांबी सुमारे ४६ फूट, इंजिन नाही, सगळा भरवसा शिडांवर. १८९४ च्या मे महिन्यात उत्तरेकडच्या फिनमार्कमध्ये वादळ झालं, तेव्हा कॅप्टन निकोलाय अँथोनिसन यांनी याच बोटीने ३६ जणांना वाचवलं.

त्याच काळात आर्चर यांनी आणखी एक जहाज बांधलं, 'फ्राम'. फ्रिड्जॉफ नान्सेन यांना उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात मुद्दाम अडकायचं होतं. आर्चर यांनी तळ असा गोलाकार केला की बर्फाने दाबलं तर जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जाईल. १८९३ ते १८९६ या मोहिमेतून 'फ्राम' सहीसलामत परत आलं. पुढे दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर अमुंडसेन यांनीही हेच जहाज नेलं.

८ फेब्रुवारी १९२१ ला आर्चर गेले. तोवर जवळपास २०० बोटी त्यांच्या नावावर होत्या.

त्यानंतर काही वर्षांतच विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन डिझायनरने बचावबोटीचा आकार छोटा करून ३२ फुटांची 'एरिक' आखली. याच 'एरिक'च्या आराखड्यावरून मुंबईत 'सुहैली' बांधली गेली. १९७० च्या दशकात फायबरग्लासची 'वेस्टसेल ३२' आली, तीही याच घराण्यातली. १९९१ च्या अटलांटिकमधल्या भयंकर वादळात 'सटोरी' नावाच्या वेस्टसेलवरच्या लोकांना तटरक्षक दलाने उचललं. रिकामी बोट मात्र नंतर किनाऱ्याला लागलेली सापडली, तीही शाबूत.

मग सगळेच अशा बोटी का बांधत नाहीत? कारण त्या जड आणि संथ असतात. हलक्या वाऱ्यात रखडतात. रेसिंगची बोट वेगासाठी वजन कमी करते, तर लांबच्या प्रवासाची बोट सामान, पाणी आणि माणूस सांभाळण्यासाठी वजन स्वीकारते. आर्चर यांनी दुसरी बाजू निवडली होती.

अर्थात समुद्रापुढे कुठलंच डिझाईन अजिंक्य नाही. २०१८ मध्ये अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'तून जगाच्या फेरीला निघाले होते. ही 'सुहैली'चीच प्रतिकृती. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने बोट उलटवली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला गंभीर इजा झाली. पण बोट पुन्हा सरळ झाली आणि तरंगत राहिली. टॉमी हलूही शकत नव्हते, फ्रेंच जहाज पोहोचेपर्यंत ते तिच्यातच पडून होते.

बोट वेगात कमी पडली तरी चालेल, पण आतला माणूस जिवंत राहिला पाहिजे. आर्चर यांनी आयुष्यभर याच हिशोबाने बोटी बांधल्या.